खाडीकाठी फिरायला जायचंय? आधी तिथी बघा

दर हिवाळ्यात आमच्याकडे नेरूळला कोणी ना कोणी पाहुणे येतात. डोंबिवलीचे, कल्याणचे, कधी थेट नाशिकचे. रविवारी निवांत उठून, नाश्ता करून अकराला खाडीकाठी पोचतात आणि समोर दिसतो तो चिखल. लांब, चकाकणारा, राखाडी चिखल आणि त्याच्या पार पलीकडच्या कडेला गुलाबी ठिपके. मुलं विचारतात, "फ्लेमिंगो कुठे आहेत?" आणि मोठी माणसं म्हणतात, "यंदा आलेच नाहीत वाटतं."

पक्षी आलेले असतात. आपली वेळ चुकलेली असते. नवी मुंबईचा खाडीकाठ घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. बागेत जावं तसं तिथे गेलं की सगळं फसतं. नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' या तलावाभोवतीच्या बागेचा फरसबंद फेरा आणि तिथून पुढे सीवूड्सची पाणथळ, हे सगळं एका सकाळीत चालत किंवा सायकलवरून कसं साधायचं, ते इथे क्रमवार लिहितो. टप्प्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक लोक चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि फसगत तिथेच होते.

टप्पा १ : दिवस ठरवा, तोही तिथीवरून

रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबरपासून ठाण्याच्या खाडीत दिसायला लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघून जातात. जानेवारी ते एप्रिल हे सगळ्यात भरवशाचे महिने. ओहोटीला खाडीचा गाळ उघडा पडतो, तेव्हा ते आत दूरवर पसरून चरतात. भरतीचं पाणी चढून गाळ बुडाला की त्यांना उभं राहायला उथळ जागा लागते. मग थवेच्या थवे उठून काठावरच्या पाणथळींत येतात : टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला, एनआरआय या निवासी संकुलामागे आणि सीवूड्सच्या डीपीएस शाळेमागच्या तलावात. म्हणजे भरतीला पक्षी आपल्याजवळ, ओहोटीला आपल्यापासून लांब. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तरी अर्धं काम झालं.

भरतीची वेळ काढायचा कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. त्रयोदशी म्हणजे १३. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा. त्या दिवशी भरती साधारण पावणेदहाला पूर्ण होते, सकाळी आणि रात्रीही. पक्ष शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. दुसऱ्या दिवशी वेळ जवळपास पाऊण तासाने पुढे सरकते. भरतीनंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी.

सकाळच्या फेरीसाठी उपयोगी पडणाऱ्या वेळा :

- दशमी : साडेसात
- एकादशी : सव्वाआठ
- द्वादशी : नऊ
- त्रयोदशी : पावणेदहा
- चतुर्दशी : साडेदहा

यादीवरून वाटेल की दशमी-एकादशी सर्वांत सोयीची. पण इथे एक गोम आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी कमी चढतं, गाळाचा बराच भाग उघडाच राहतो आणि पक्ष्यांना हलायची गरज पडत नाही. अमावस्या-पौर्णिमेकडे जाताना उधाण वाढत जातं. म्हणून माझी पसंती द्वादशी आणि त्रयोदशीला. पाणी पुरेसं चढतं आणि वेळही उन्हाच्या आत बसते. डिसेंबर-जानेवारीत दुपार सुसह्य असते, तेव्हा तृतीया ते पंचमी (भरती सव्वादोन ते पावणेचार) हाही चांगला पर्याय.

पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दिवस तिथीवरून निवडा आणि आदल्या रात्री मुंबईचा भरतीचा तक्ता फोनवर उघडून वेळ पक्की करा. त्यात पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. चार मीटरच्या आसपास किंवा वर असेल तर निर्धास्त निघा. साडेतीनच्या खाली असेल तर फेरी चालण्यासाठी छान होईल, पक्ष्यांची हमी धरू नका. तक्ता बहुधा अपोलो बंदरचा असतो. खाडीत आत पाणी चढायला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढी सूट ठेवा.

तपासा : तुमच्या मनातला रविवार कोणत्या तिथीला येतो? सप्तमी-अष्टमी असेल तर पुढच्या आठवड्यावर टाका. एक रविवार थांबणं परवडतं. आजी-आजोबांना घेऊन रिकाम्या चिखलासमोर उभं राहणं परवडत नाही.

टप्पा २ : आदल्या रात्रीची तयारी

सामान थोडंच, पण विसरलं तर जागच्या जागी मिळत नाही.

*कपडे.* पूर्ण बाह्या, पायघोळ पँट, फिकट किंवा मातकट रंग. तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या कडेला सकाळ-संध्याकाळ डास आणि चिलटं अंगावर येतात. हाफ पँटमध्ये आलेली मुलं दहा मिनिटांत घरी चला म्हणतात. डास पळवणारं मलम घरूनच लावून निघा.

*पाणी.* माणशी एक लिटर, मार्चनंतर दीड. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर घालून ठेवा.

*खाणं.* दशम्या, धपाटे, केळी. कुरकुरीत पाकिटं नकोत. पाकीट उडालं की ते तिवरांत अडकतं आणि कोणी काढायला जात नाही.

*दुर्बीण.* विकत घ्यायची असेल तर ८×४२ घ्या. १०×५० मोठं दाखवते, पण जड असते, हात हलतो आणि मुलांना तर काहीच दिसत नाही. चौघांत एक पुरते. फोनच्या कॅमेऱ्याने लांबचा पक्षी ओढून काढायच्या भानगडीत पडू नका.

*सायकल.* हवा, ब्रेक आणि घंटी रात्रीच बघा, सकाळी नाही. तिथे गेल्यावर भाड्याने मिळेल या भरवशावर मुलांना वचन देऊ नका. आमच्या घरी एकदा असं झालं. भाड्याच्या सायकली फोनवर दिसत होत्या, जागेवर एकही नव्हती. भाची सगळा वेळ हिरमुसून बसली. तेव्हापासून सायकल स्वतःची, नाहीतर फेरी पायी.

टप्पा ३ : पोचायचं कसं

ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरची नेरूळ किंवा पनवेल गाडी पकडावी. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर आणि मग नेरूळ. ठाण्याला ती नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून सुटते. मुख्य मार्गाच्या फलाटावर उभं राहून गाडी का येत नाही म्हणत बसलेले लोक मी पाहिले आहेत. मुंबईकडून येणाऱ्यांना हार्बरची पनवेल किंवा बेलापूर गाडी चालते.

नेरूळला पश्चिमेला उतरा आणि रिक्षावाल्याला 'ज्वेल, सेक्टर २६' सांगा. नुसतं 'नेरूळची बाग' म्हणालात तर वंडर्स पार्कला किंवा रॉक गार्डनला पोचाल. त्या वेगळ्या जागा आहेत.

पूर्ण आकाराची सायकल लोकलच्या साध्या डब्यात चढवू नका. ती मालडब्यातून, सामानाचं तिकीट काढून आणायची. घडीची सायकल असेल तर सकाळच्या रिकाम्या गाडीत फारसा त्रास होत नाही.

सावध : रविवारी हार्बर आणि ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, असू शकतो. बहुधा तो अकराच्या सुमारास सुरू होऊन चार-साडेचारपर्यंत चालतो. शनिवारीच घोषणा बघा. ब्लॉक असेल तर साडेदहाच्या आत परतीच्या गाडीत बसायचं, किंवा शनिवारची सकाळ निवडायची. पक्षी दिसले, मुलं खूश झाली आणि नंतर फलाटावर दोन तास उन्हात ताटकळावं लागलं, तर घरी फक्त ते ताटकळणंच लक्षात राहतं.

गाडीने येणार असाल तर पामबीच मार्गाच्या कडेला गाडी लावायची नाही. वाशी ते बेलापूर हा रस्ता सरळ आणि मोकळा, वाहनं सुसाट येतात. 'दोन मिनिटं फोटो काढतो' म्हणून कडेला थांबलेली गाडी तिथे सगळ्यांच्या जिवावर बेतू शकते. आतल्या सेक्टरच्या रस्त्यावर गाडी लावा आणि चालत या.

टप्पा ४ : फरसबंद फेरा

भरतीच्या वेळेआधी तीन तास ज्वेलला पोचायचं. त्रयोदशी असेल तर पावणेसातला. लवकर वाटतं, पण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

मधलं पाणी म्हणजे नुसता शोभेचा तलाव नाही, तो धारण तलाव आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून शहर वसवताना काठाकाठाने असे तलाव केले. भरती आली की झडपा बंद होतात आणि पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जातं. हे माहीत असलं की मुलांच्या दोन प्रश्नांना उत्तर मिळतं : पाणी कधी कमी, कधी जास्त का दिसतं, आणि कधी कधी वास का येतो. ओहोटीला गाळ उघडा पडला की वास येणारच.

फेरा घ्यायची पद्धत :

१. फाटकावरचा नियमफलक आधी वाचा. सायकल, कुत्रा, वेळ यांबद्दल त्या दिवशी जे लिहिलं असेल तेच खरं. सुरक्षारक्षकाशी वाद घालण्यात सकाळ घालवू नका.

२. पहिला फेरा पायीच घ्या, सायकल आणली असली तरी. फरशी कुठे उचकटली आहे, कुठे ओली आहे, झाडाची मुळं कुठे वर आली आहेत ते डोळ्यांखालून जाऊ द्या. एका पहाटे माझा पुतण्या वळणावर दवाने निसरड्या झालेल्या फरशीवर सायकलसकट आडवा झाला. गुडघा फुटला, दोन टाके पडले. मी ते वळण आधी चालून पाहिलं असतं तर त्याला तिथे उतरायला सांगितलं असतं.

३. पहिल्या फेऱ्याला किती मिनिटं लागली ते बघा. त्यावरून आपल्याला किती फेरे झेपतील आणि निघायचं कधी, हे ठरतं. आजी-आजोबा असतील तर त्यांच्या वेगाने मोजा, तुमच्या नाही.

४. नेहमी डावीकडून. सकाळी इथे रोज चालणारे असतात आणि त्यांची गती ठरलेली असते. चौघांनी हातात हात घालून आडवं चालू नये. सायकलवाल्याने मागून येताना घंटी दहा-पंधरा पावलं आधीच वाजवावी. अगदी कानाशी वाजवली तर माणूस दचकून नेमका सायकलीच्या वाटेत येतो.

५. लहान मुलांची सायकल मोठ्या माणसाच्या पुढे ठेवा. मागे असली की वळून बघता बघता आपलाच तोल जातो.

६. कठड्यावर बसायचं नाही, मुलांना बसवायचं नाही.

गुडघेदुखी असलेल्यांना एकाच फेऱ्यानंतर बाकावर बसू द्या. तिथूनही बघायला खूप असतं. तिवरांच्या फांदीवर खंड्या, उथळ पाण्यात लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे, पंख पसरून वाळवणारा पाणकावळा. माझे वडील शेवटच्या दोन वर्षांत इथे फक्त बसायलाच यायचे आणि माझ्यापेक्षा जास्त पक्षी त्यांना दिसायचे.

तपासा : भरतीला आता दोन तास उरलेत का? मग निघा. 'अजून एक फेरा' हा मोह आवरा. पाणी थांबत नाही.

टप्पा ५ : पाणथळीकडे

ज्वेलहून सीवूड्सच्या डीपीएस तलावाकडे रिक्षाने थोडक्या वेळात पोचता येतं. रिक्षावाल्याला 'डीपीएस शाळेमागचा फ्लेमिंगो तलाव' म्हटलं की पुरतं.

इथे सायकलवाल्यांची सगळ्यात मोठी चूक होते : पामबीच मार्गावरून जाण्याची. नकाशात तो सरळ दिसतो. सराईत सायकलस्वार पहाटे तिथे जातात, त्यांचं बघून मुलांना घेऊन जाऊ नका. आतल्या सेक्टरच्या रस्त्यांनी जा. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील, लागू द्या. पामबीच ओलांडावाच लागला तर फक्त सिग्नलवर, सायकलवरून उतरून, हातात धरून. अक्षर, चाणक्य, एनआरआय यांपैकी जो जवळ पडेल तो गाठा. दुभाजकाच्या फटीतून कधीच नाही.

तलावाशी पूर्ण भरतीच्या दीड तास आधी उभं राहायचं. पक्षी भरती पूर्ण झाल्यावर येत नाहीत, पाणी चढत असतानाच येतात. खाडीच्या बाजूने एक रेष उठते, वळते आणि पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडतो. ते बघायला मिळालं तर बाकी काही नाही दिसलं तरी चालेल, असं मला दर वेळी वाटतं.

सकाळी शक्यतो सूर्य पाठीवर येईल अशी जागा धरा. सूर्य समोर असला तर सगळे पक्षी काळेच दिसतील.

ओळखायचं कसं? बहुतेक पक्षी लहान रोहित असतात : उंची ८०-९० सेंटीमीटर, रंग गडद गुलाबी, चोच पूर्ण काळपट लाल. त्यांच्यात मधूनच एखादा डोकं वर काढून उभा, मानेने लांब, अंगाने पांढुरका दिसला आणि चोच गुलाबी पण टोकाला काळी असली, तर तो मोठा रोहित. तो सव्वा मीटरच्या वरही जातो. मुलांना आधी चोच बघायला सांगा, रंग नंतर. लहान पिल्लं दोन्ही जातींची मळकट राखाडी असतात आणि रंगावर भरवसा ठेवला की तिथे घोळ होतो.

चोच उलटी करून पाण्यात बुडवून ते काय करतात, हेही मुलं विचारतील. लहान रोहित पाण्यातलं नीलहरित शैवाल गाळून खातो. चोचीच्या आतल्या बारीक पट्ट्या चाळणीचं काम करतात. त्या शैवालातूनच गुलाबी रंग येतो.

सावध : पक्ष्यांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या आणि सगळे एकाच दिशेला चालायला लागले, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. थांबा आणि सावकाश मागे या. टाळ्या वाजवून थवा उडवायचा नाही. उडवलेल्या थव्याला भरतीत उतरायला दुसरी उथळ जागा शोधावी लागते आणि अशा जागा आता मोजक्याच उरल्या आहेत. ड्रोन नको, खडे नकोत, आणि भटक्या कुत्र्यांना तिथे बिस्किटं टाकू नका. कुत्री तिथे थांबायला लागली की थकलेल्या पक्ष्यांवर धावून जातात.

सावध : गाळात पाऊल टाकायचं नाही. वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो, पण आत गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि ओढून काढताना चप्पल आतच राहते. चेंडू गेला तर गेला.

टप्पा ६ : ज्यांना एवढं फिरणं झेपत नाही

त्यांनी वाशीचा सेक्टर १० मधला मिनी सी-शोर धरावा. तोही धारण तलावाच्या काठचा फरसबंद रस्ता आहे. संध्याकाळी तिथे गर्दी आणि खाऊच्या गाड्या असतात, म्हणून सकाळचाच वेळ धरा. पक्षी अगदी जवळून बघायचेच असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. तिच्या वेळाही भरतीवरच ठरतात, आरक्षण आधी करावं लागतं आणि सोमवारी केंद्र बंद असतं.

टप्पा ७ : परतल्यावर

चपलांना लागलेला खाडीचा गाळ ओला असताना घासू नका, पसरतो. वाळू द्या, झटका, मग धुवा. दुर्बिणीची काच आधी फुंकून घ्या आणि मग मऊ कापडाने पुसा. खारे कण तसेच घासले तर ओरखडे पडतात.

सायकल मात्र त्याच दिवशी बघायची. खाऱ्या हवेने साखळी आठवडाभरात तांबूस होते. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि साखळीच्या प्रत्येक जोडावर तेलाचा एकेक थेंब सोडून पायडल उलटं फिरवा. ब्रेकच्या रबरावर तेल जाऊ देऊ नका.